महाभारताची मूळ पोथी कशी शोधली?



आमच्या गावी चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी लागत असे. रात्रीची जेवणं आटोपली की माणसं घोंगड्या घेऊन देवळात जमायची. पोथी बहुधा श्रीधरस्वामींच्या पांडवप्रतापाची. वाचायला एक वृद्ध गृहस्थ बसत. सारा गाव त्यांना आबा म्हणे. आबांची शाळा चौथीतच सुटली होती; पण ओवी म्हणण्याची त्यांची ढब अशी की, अर्थ कळायच्या आधीच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहावं.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच एम. ए. होऊन कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि सुटीला गावी आलो होतो. त्या रात्री द्रौपदीवस्त्रहरणाचा अध्याय होता. भरसभेत द्रौपदी कृष्णाचा धावा करते, कृष्ण वस्त्रे पुरवतो, हा भाग आबांनी वाचला. बायामाणसं पदराने डोळे पुसत होती. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि मी माझी विद्या पाजळली. म्हणालो, "आबा, पुण्याच्या पंडितांनी महाभारताची मूळ संहिता शोधून काढली आहे. त्या संहितेत हा धावा नाही. तो मागाहून कुणीतरी घातलेला आहे."

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग बाळ," ते म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही खोटं वाचत आलो म्हणायचं का?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांनी पोथी वाचली, पण आवाज नेहमीचा नव्हता, असं आई म्हणाली. पुढे आबा गेले. माझं उत्तर राहून गेलं.

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरात एका बाईंनी मला जवळजवळ हाच प्रश्न विचारला. "सर, मुलं घरी एक गोष्ट ऐकतात, पडद्यावर दुसरी पाहतात आणि पुस्तकात तिसरी वाचतात. यांतली खरी कोणती म्हणून सांगायचं?" तेव्हा मनाशी ठरवलं की, आबांना द्यायचं राहिलेलं उत्तर आता नीट, सावकाश, सगळ्यांसमोर द्यायचं. आजचे भाषण त्यासाठी आहे.

मूळ पोथी शोधायची म्हणजे काय, ते आधी पाहू. छपाई येण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरवून घेत. काश्मीरात भूर्जपत्रावर, दक्षिणेत ताडपत्रावर, इतरत्र कागदावर. आपल्या हवेत या वस्तू फार टिकत नाहीत. वाळवी, दमट हवा आणि पाऊस यांच्या तडाख्यातून वाचलेल्या महाभारताच्या पोथ्यांपैकी बहुतेक गेल्या चार-पाचशे वर्षांतल्या आहेत. ग्रंथ मात्र दोन हजार वर्षांच्या आसपासचा. म्हणजे आज हाती असलेली पोथी ही नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. लिहिणाऱ्याचा डोळा चुकतो, ओळ गळते, शब्द न कळल्यामुळे तो सोपा केला जातो. कधी समासात लिहिलेली टीप पुढचा लेखक मजकुरातच घेतो. कधी एखाद्या रसिकाला वाटते की, हा प्रसंग फार त्रोटक झाला. तो चार श्लोक पदरचे घालतो. त्यात लबाडी नसते, प्रेमच असते. पण ग्रंथ वाढत जातो.

असे होता होता महाभारताच्या काश्मिरी, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम अशा निरनिराळ्या लिप्यांमध्ये निरनिराळ्या परंपरा तयार झाल्या. ढोबळ मानाने उत्तरेची एक आणि दक्षिणेची एक. दक्षिणेची अधिक फुलवलेली. सतराव्या शतकात आपल्या कोपरगावच्या नीळकंठ चतुर्धर नावाच्या पंडिताने काशीत बसून संपूर्ण महाभारतावर टीका लिहिली. ठिकठिकाणच्या पोथ्या गोळा करून त्यांतले चांगले पाठ आपण निवडले, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. त्याचा पाठ पुढे सर्वत्र चालला. एकोणिसाव्या शतकात महाभारत छापले जाऊ लागले. कलकत्त्याची आवृत्ती १८३४ ते १८३९ या वर्षांत निघाली, पुढे मुंबईचीही निघाली. पण एका आवृत्तीत आहे ते दुसरीत नाही, अशी परिस्थिती कायम राहिली.

१८९७ साली पॅरिसला प्राच्यविद्येच्या पंडितांची परिषद भरली होती. तिथे विंटरनित्स या पंडिताने सुचवले की, साऱ्या पोथ्या ताडून महाभारताची एक चिकित्सक आवृत्ती काढावी. युरोपात थोडी तयारी झाली. पण १९१४ चे महायुद्ध आले आणि ते काम बारगळले. इकडे पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी, सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या वाढदिवशी, त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. मुंबई सरकारने १८६६ पासून जमवलेला हस्तलिखितांचा संग्रह डेक्कन कॉलेजातून या संस्थेकडे आला. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे अभिवचन दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार. ग्रंथासाठी त्यांनी चित्रेही काढली. १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. त्या वेळी त्यांचे वय ८१ होते. हे काम आपल्या डोळ्यांदेखत पुरे होणार नाही हे त्यांना कळत नसेल का? तरी त्यांनी आरंभ केला. आंब्याची कोय लावणारा म्हातारा आंबे खाण्यासाठी ती लावत नाही, तसेच हे.

आता हे शोधण्याचे तंत्र सांगतो. शिक्षक मंडळींना ते चटकन कळेल, कारण ते वर्गातलेच आहे.

समजा, गुरुजींनी फळ्यावर वीस ओळी लिहिल्या आणि चाळीस मुलांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. मग फळा पुसला गेला आणि गुरुजीही बदलून गेले. आता त्या चाळीस वह्यांवरून फळ्यावर काय होते ते शोधायचे आहे. कसे शोधाल? पहिली गोष्ट, सगळ्या वह्या गोळा कराल. दुसरी, ओळ अन् ओळ, शब्द अन् शब्द ताडून पाहाल. एका बाकावरच्या पाच मुलांची एकच चूक निघाली, तर ते पाच साक्षीदार नव्हेत. एकाचे पाहून चौघांनी लिहिले आहे, म्हणजे साक्षीदार एकच. म्हणून नुसते बहुमत मोजून भागत नाही. उलट, पहिल्या बाकावरचा मुलगा आणि पार मागे खिडकीपाशी बसलेली मुलगी, ज्यांनी एकमेकांची वही कधी पाहिली नाही, त्या दोघांच्या वहीत एकच शब्द असेल तर तो फळ्यावरचा, असे धरायला हरकत नाही. एखादी जादा ओळ एकाच बाकावरच्या वह्यांत असेल, बाकी साऱ्या वर्गात नसेल, तर ती फळ्यावरची नसावी. आणि एका वहीत अवघड शब्द असेल व दुसरीत त्याच जागी सोपा, तर बहुधा अवघडच मूळचा. कारण अवघडाचे सोपे करण्याचा मोह मुलाला होतो; सोप्याचे अवघड कोण कशाला करील?

पुण्याला हेच केले. खिडकीपाशी बसलेल्या मुलीच्या जागी केरळ आणि पहिल्या बाकाच्या जागी काश्मीर घाला, म्हणजे झाले. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मलयाळम लिपीतली पोथी यांच्यामध्ये अख्खा देश पसरलेला. त्या दोन्ही पोथ्या जिथे जुळतात, तो पाठ फार जुना असला पाहिजे. जी कथा एकाच प्रांतात आहे, ती बहुधा त्या प्रांतात मागाहून जोडली गेली.

हे ऐकायला सोपे वाटते. करायला मात्र डोंगराएवढे होते. प्रचलित पोथीतला प्रत्येक श्लोक एकेका स्वतंत्र मोठ्या कागदावर वरच्या ओळीत, अक्षरागणिक एकेक घर पाडून, लिहायचा. मग प्रत्येक पोथी घ्यायची आणि जिथे जिथे तिचे अक्षर वेगळे पडेल तिथे त्या घराखाली ते नोंदवायचे. एक श्लोक, एक कागद. असे हजारो कागद. लिप्या निरनिराळ्या, म्हणून त्या वाचणारेही निरनिराळे. बंगाली पोथ्या ताडण्याचे काम शांतिनिकेतनात झाले, दक्षिणेकडच्या पोथ्यांचे तंजावरच्या सरस्वतीमहालात. साऱ्या पर्वांसाठी मिळून १,२५९ पोथ्या उपयोगात आणल्या गेल्या. एकट्या आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्यांची माहिती हाती आली होती. त्यांतल्या सुमारे ६० निवडून पाठनिर्णयासाठी वापरल्या.

या कामाला खरी शिस्त लावली ती डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी. मूळचे गणिताचे विद्यार्थी. केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला ल्यूडर्स या पंडिताजवळ संस्कृत शिकले. १९२५ साली ते महाभारताचे प्रमुख संपादक झाले. १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग बाहेर पडला, १९३३ साली ते पर्व पुरे झाले. गणित्याची काटेकोर नजर आणि संस्कृताचा व्यासंग एका माणसात आल्यामुळे काय होते, ते आदिपर्वाच्या त्यांच्या उपोद्घातात दिसते. जगातल्या पंडितांनी तो नमुना म्हणून मानला.

काम एकट्याचे नव्हते, एका प्रांताचेही नव्हते. विराटपर्व रघुवीरांनी संपादले, उद्योगपर्व आणि द्रोणपर्व बंगालच्या सुशीलकुमार डे यांनी, सभापर्व अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी, सौप्तिकपर्व ह. दा. वेलणकरांनी, शल्यपर्व रा. ना. दांडेकरांनी. सुखठणकर २१ जानेवारी १९४३ रोजी वारले. त्यांच्या मागे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि १९६१ पासून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी पुण्यात राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते आवृत्ती पूर्ण झाल्याची घोषणा झाली. स्वतः तत्त्वज्ञानाचा आचार्य असलेल्या राष्ट्रपतीने ती करावी, हा योगही चांगला जुळला. आरंभापासून ४७ वर्षे लागली. त्या ४७ वर्षांत दुसरे महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला, औंधचे संस्थान विलीन झाले. कागदावर घरे पाडण्याचे काम चालूच होते.

आता मुद्द्यावर येतो. शोधून हाती काय लागले?

पहिले म्हणजे, महाभारत लाख श्लोकांचे अशी आपली समजूत आहे. ही संहिता त्याहून बरीच कमी भरली. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही आपली लाडकी कथा मूळ मजकुरात राहिली नाही, ती परिशिष्टात गेली. स्वयंवराच्या वेळी द्रौपदी भरसभेत कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते, तो प्रसंगही मोजक्याच पोथ्यांत सापडला, म्हणून तळटीपेत गेला. आणि सभापर्वात वस्त्रे आपोआप पुरत जातात खरी, पण द्रौपदीने कृष्णाचा धावा केला हा भाग मजकुरात नाही.

इथे जरा थांबू या. खेड्यापाड्यांतून आपण सर्रास ऐकतो की, रामायण घडले सीतेमुळे आणि महाभारत द्रौपदीमुळे. का, तर तिने कर्णाचा अपमान केला आणि दुर्योधनाला आंधळ्याचा पोरगा आंधळा म्हटले. पहिली गोष्ट तळटीपेत गेली, हे सांगितलेच. दुसरीचे काय? सभापर्वाच्या निर्णीत पाठात मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम आणि त्याचे भाऊ. पुढे बापाजवळ गाऱ्हाणे सांगताना दुर्योधन द्रौपदी आणि इतर बायकाही हसल्याचे सांगतो. पण आंधळ्याचा मुलगा आंधळा हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही. ते मागच्या सांगणाऱ्यांनी तिच्या तोंडी घातले. राज्याची हाव कुणाची, फासे टाकले कुणी, बायकोला पणाला लावले कुणी, आणि शेवटी बोल कुणाला? पोथ्या ताडण्याच्या कोरड्या दिसणाऱ्या कामातून एका बाईच्या डोक्यावरचा खोटा आळ उतरतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. शाळेत मुलींसमोर महाभारत शिकवताना शिक्षकांनी निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे. इरावती कर्वे यांनी याच आवृत्तीच्या आधाराने महाभारतातल्या माणसांचा विचार केला आणि १९६७ साली 'युगान्त' हे पुस्तक मराठीला दिले. ज्यांच्या हाती ते येईल, त्यांनी जरूर वाचावे.

पण म्हणून "धावा खोटा" असे म्हणून मोकळे व्हायचे का? मी तरुणपणी तसे केले, आणि तिथेच माझे चुकले. कारण याच संशोधित आवृत्तीत, उद्योगपर्वात, कृष्ण स्वतः म्हणतो की, मी दूर असताना द्रौपदीने मला हाक मारली, तिचे ते ऋण वाढतच चालले आहे, ते माझ्या मनातून जात नाही. हा श्लोक तळटीपेत नाही, मजकुरात आहे. तेव्हा सभापर्वात धाव्याचे वर्णन नसले, तरी द्रौपदीने कृष्णाला हाक मारली ही आठवण ग्रंथाच्या जुन्या अंगात आहेच. पुढच्या कवींनी त्या एका हाकेवरून अख्खा प्रसंग उभा केला. त्या रात्री मला सभापर्वाची तळटीप ठाऊक होती. उद्योगपर्वाचा श्लोक ठाऊक नव्हता. आबांना अर्धवट ज्ञानाने दुखवले, याचे मला आजही वाईट वाटते.

या आवृत्तीतली एक लहानशी खूण मला फार आवडते. जिथे संपादकांची पुरी खात्री नाही, तिथे त्या अक्षरांखाली त्यांनी नागमोडी रेघ ओढली आहे. म्हणजे, "हे आम्ही धरले खरे, पण छातीवर हात ठेवून सांगवत नाही." आणि जे श्लोक मजकुरातून काढले ते टाकून दिलेले नाहीत. लहान असतील ते तळटीपेत, मोठे असतील ते परिशिष्टात. कोणत्या पोथीत आहेत, कोणत्या पोथीत नाहीत, ते सगळे जिथल्या तिथे नोंदलेले. संपादकांचे मत न पटले, तर तुम्ही आम्ही त्याच पानावरचा पुरावा पाहून निराळे मत देऊ शकतो. खाली पुरावा आणि वर निर्णय. आणि जिथे शंका तिथे रेघ. आपल्या सार्वजनिक बोलण्यात इतका प्रामाणिकपणा आला तर किती बरे होईल! व्यासपीठावरून आपण ठासून सांगतो, "आपल्या शास्त्रात असे आहे." कोणत्या शास्त्रात? कोणत्या अध्यायात? विचारले की वक्ता रागावतो. संस्कृत विद्येचा खरा वारसा या रागावण्यात नसून त्या नागमोडी रेघेत आहे, असे मला वाटते.

आणि ही दृष्टी परदेशातून उसनी आणलेली आहे, असेही समजू नका. तंत्राची शिस्त युरोपातल्या विद्वानांकडून आली, हे खरे. पण आपल्या नाथमहाराजांनी काय केले ते आठवा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. तीनशे वर्षांत नकलांमागून नकला होऊन तिच्यात पाठभेद आणि भलत्या ओव्या शिरल्या होत्या. एकनाथांनी प्रती पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला. शिवाय ताकीद दिली की, यापुढे कुणी यात पदरची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल. नाथ स्वतः थोर कवी. हजारो ओव्या लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःची एक ओवी मिसळू देत नाही. पाठशुद्धी ही भक्तीच्या आड येत नाही, हे महाराष्ट्राला चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

श्रीमद्भगवद्गीतेचे काय, असा प्रश्न तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. गीता भीष्मपर्वात येते. बेलवलकरांनी त्या पर्वाच्या पोथ्या ताडल्या, काश्मीरातले निराळे पाठही पाहिले, आणि गीतेचे १८ अध्याय व ७०० श्लोक जसेच्या तसे राहिले. आपण जी गीता म्हणतो तिच्यात फारसा फरक पडला नाही. कारण उघड आहे. शंकराचार्यांपासून एकामागून एक भाष्यकारांनी तिच्यावर शब्दशः लिहिले. लोकांनी ती पाठ केली. शब्द हलायला जागाच राहिली नाही. ज्या मजकुरावर पुष्कळांची नजर असते, तो शुद्ध राहतो. ग्रंथाचे जसे, तसेच कारभाराचे.

'पुष्कळांची नजर' म्हटले की दुसरी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे शेकडो वर्षे या ग्रंथांवर फार थोड्यांची नजर पडू दिली. बायकांना आणि बहुसंख्य जातींना संस्कृताचे दार बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा होती. जातीमुळे ती पुरी होऊ शकली नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत मिळवले आणि तेच ग्रंथ हाती घेऊन समाजाला जाब विचारला. त्यांच्यासारख्या बुद्धीच्या किती मुलांना दारातून परत पाठवले असेल, त्याची गणती कुणी ठेवलेली नाही. एका पोथीत गळलेली ओळ दुसऱ्या पोथीवरून भरून काढता येते. पण परत पाठवलेले ते मूल कुठून भरून काढणार?

छापलेल्या ग्रंथाला जात विचारता येत नाही. म्हणून मला या आवृत्तीचे मोल विद्वत्तेपेक्षाही यासाठी वाटते की, जे ज्ञान कुणाच्या तरी माजघरातल्या बासनात बांधलेले होते, ते पुराव्यासह चव्हाट्यावर आले. आज तर तिची संहिता संगणकावर उतरवलेली आहे. जपानच्या तोकुनागा या प्राध्यापकांनी ती प्रथम घातली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून दुरुस्त केली. देवनागरी वाचणारा कुणीही मुलगा, कोणत्याही वस्तीतला, ती विनामूल्य पाहू शकतो. मराठी वाचता येते म्हणजे अक्षरे येतातच. शब्दांची ओळख शिक्षकाने करून द्यावी.

याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला केला. निमित्त वेगळ्याच एका पुस्तकाचे होते. कपाटे फुटली, पोथ्या-पुस्तके जमिनीवर फेकली गेली. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आबांची पोथी आली. वाचून झाली की ते ती तांबड्या फडक्यात बांधून कपाळाला लावत. एखाद्याचे लिहिणे पटले नाही, तर त्याचे उत्तर लिहून द्यावे. कागद फाडला तर वाद मिटत नाही, वाद करण्याचे साधनच नाहीसे होते. आणि फाडलेल्या पोथीत कदाचित आपल्याच बाजूचा पुरावा असतो.

आता शिबिरातल्या बाईंना उत्तर. बाई, मुलांना असे सांगा की, महाभारत ही एक मोठी नदी आहे. पुण्याच्या पंडितांनी शोधली ती तिची जुन्यात जुनी दिसणारी धार. उगम असेही त्यांनी म्हटले नाही, जेवढे मागे जाता येते तेवढे ते गेले. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप हा त्याच नदीवर बांधलेला आपल्या गावचा घाट. घाटावर पाणी भरणारा माणूस खोटे पाणी नेत नाही. पण घाटाचे दगड आपल्या गावच्या पाथरवटाने घडवले आहेत, हेही त्याने विसरू नये. कुणी विचारले, "व्यासांच्या ग्रंथात असे आहे का?" तर पुरावा पाहून उत्तर द्यावे. कुणी विचारले, "आपल्या लोकांनी या कथेत काय पाहिले?" तर पांडवप्रताप उघडावा. प्रश्न दोन आहेत. उत्तरे दोन आली तर गोंधळायचे कारण नाही.

आणि एक छोटासा प्रयोग वर्गात करून पाहा. आपल्या गावातली एखादी जात्यावरची ओवी पाच म्हाताऱ्यांकडून वेगवेगळी लिहून आणायला मुलांना सांगा. मग त्या पाच वह्या शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांनाच ठरवू द्या की, जुनी ओवी कोणती, कुठला शब्द कुणी बदलला, आणि का बदलला. जिथे ठरणार नाही तिथे नागमोडी रेघ ओढायला शिकवा. मुलांना संस्कृताचा एक शब्दही न शिकवता तुम्ही त्यांना संस्कृत पंडितांची खरी विद्या शिकवलेली असेल. शिवाय त्या म्हाताऱ्यांनाही वाटेल की, आपले गाणे कुणीतरी लिहून घेण्याजोगे आहे.

आबा आज असते तर त्यांच्या शेजारी घोंगडीवर बसून मी म्हणालो असतो, "आबा, तुम्ही खोटं वाचलं नाही. द्रौपदीने हाक मारली, असं कृष्णच म्हणतो. ती हाक कशी होती, ते श्रीधरस्वामींनी सांगितलं आणि तुम्ही आम्हाला ऐकवलं. कोणता शब्द कुणाचा, एवढंच पुण्याच्या मंडळींनी शोधलं."

आबा बहुधा चष्मा पुसत म्हणाले असते, "मग त्या रात्री एवढंच सांगायचं होतंस की रे."

ते त्या रात्री सुचलं नाही. आज सांगितलं.